फोनवरचं ऊन

आज सकाळी शिवनेरी जागेवर नव्हता.

ओसरीच्या पायरीवर येऊन उभा राहिलो तर समोरचा कडुनिंबसुद्धा अर्धाच उरला होता. वरचा अर्धा कुणीतरी ओल्या फडक्यानं पुसून नेलेला. गड, कालवा, पलीकडच्या वस्तीवरची पाण्याची टाकी, सगळं पांढऱ्यात बुडालेलं. हातात चहा होता. तो पायरीवर ठेवला आणि तसाच अनवाणी बागेत गेलो. परत आलो तर चहा निवला होता. पुन्हा बागेत गेलो. अशा सकाळी माझे पाय ठरत नाहीत, आणि पाय चालतात म्हणून काही काम होतं असंही नाही. मी नुसता जातो आणि येतो. आमचे वडील, त्यांना घरात सगळे नाना म्हणायचे, हे बघून म्हणत, "आरं, तू काय धुक्याला वाट दावाया फिरतो का?"

शहरातल्या माणसाला धुकं दिसलं की तो आधी स्वेटर शोधतो आणि मग कॅमेरा. द्राक्षवाल्याला धुकं दिसलं की तो पान उलटं करून बघतो. दसरा-दिवाळीच्या सुमाराला छाटलेली बाग मार्गशीर्षात फुलोऱ्यावर येते. द्राक्षाच्या फुलाला फूल म्हणणं म्हणजे आमच्या गावाला महानगर म्हणण्यासारखं आहे. नुसती हिरवट धूळ. पण वेलींच्या मांडवाखाली गेलं की एक कोवळा, गोडसर वास लागतो. तान्ह्या बाळाच्या टाळूला येतो त्याच्या जवळपासचा. आणि नेमक्या त्याच दिवसांत धुकं उतरतं, पानं ओली राहतात आणि डावणी नावाचा रोग बसतो. वरून पाहिलं तर पानावर तेलाचा थेंब सांडल्यासारखा पिवळट डाग, खालून पाहिलं तर पांढरी बुरशी. पानावरून ती घडावर जाते, आणि घडावर गेली की त्या वर्षापुरता विषय संपला. आणे गावच्या पठारावर माझा मावसभाऊ राहतो. तो दर वर्षी मला ऐकवतो, "आमच्याकडं धुकं न्हाई बघ." पाणीही नाही, पण ते तो सांगत नाही.

सुमन, म्हणजे माझी बायको, सध्या माहेरी आहे. तिची आई न्हाणीत घसरून पडली, खुब्याचं हाड मोडलं, ऑपरेशन झालं, आणि आता म्हातारीला उठवायला-बसवायला घरचं माणूस लागतं. जाताना सुमन पिशवी उचलून म्हणाली, "धुकं पडलं की फोन करा. मी लगीच येते." म्हणजे मी एकटा बाग राखीन यावर तिचा विश्वास नाही. खरं तर माझाही नाही. पण तिकडं म्हातारी तिच्याशिवाय कुणाला हात लावू देत नाही. त्यामुळं गेला आठवडाभर फोन वाजला की मी आधी आभाळाकडं बघतो आणि मग फोन उचलतो.

आज आभाळच नव्हतं.

सुमन आंबेगाव तालुक्यातली. घोडेगाव सोडून डोंगरात चढत गेलं की तिचं गाव लागतं. भातखाचरं, हिरड्याची झाडं, आणि वर्षातले निम्मे दिवस धुकं. नव्वद सालाच्या पुढं-मागं आमचं लग्न झालं, त्याच सुमाराला नानांनी ओढ्याकाठच्या खालच्या पट्टीत पहिली द्राक्षं लावली. गावात त्यांच्या आधी फक्त सरपंचांनी लावली होती, त्यामुळं नाना सरपंचांच्या बागेला जन्मात चांगलं म्हणाले नाहीत. लग्नानंतरच्या पहिल्याच हिवाळ्यात एका सकाळी सुमन हंडा घेऊन बाहेर आली, अंगणभर पांढरं पाहिलं आणि एकदम लहान मुलीसारखी हसली. "नाना, बघा की. आमच्या गावावाणी दिसाया लागलं समदं. किती झ्याक."

नाना पाठीवर पंप बांधत होते. ते थांबले. पट्टा हातात तसाच.

"सूनबाई," ते म्हणाले, "हितं बोललीस ते बोललीस. मांडवाखाली नको बोलू. वेली ऐकत्यात."

दुसऱ्या दिवशी उजाडायच्या आत सुमन आमच्याबरोबर बागेत होती. तेव्हा धुक्यावर औषधाइतकाच हाताचाही उपाय होता. ओळीच्या एका टोकाला उभं राहायचं, मांडवाची तार दोन्ही हातांनी धरायची आणि हलवायची. पानांवर साठलेलं दव खाली पडायचं, सगळं आपल्याच डोक्यावर. थंडीत कुडकुडत, भिजत, ओळीमागून ओळ. तारांचा झणझण आवाज धुक्यातून पुढं जायचा आणि पलीकडच्या टोकाला कुणीतरी तसाच आवाज परत पाठवायचं. माणूस दिसायचं नाही, नुसती तार कळायची. सुमन सगळ्यात जोरात हलवायची. लग्नानं बाईचं आडनाव बदलतं हे सगळ्यांना ठाऊक आहे. सुमनचं धुकं बदललं. त्या सकाळनंतर मी तिला धुक्याकडं बघून हसताना पाहिलं नाही, आणि हे माझ्या ध्यानात यायला बारा-तेरा वर्षं गेली. तेही घरी नाही. तिकडं, सातासमुद्रापलीकडं, एका विद्यापीठाच्या चित्रसंग्रहालयात, नको तितक्या गरम खोलीत उभं राहून.

आता मी आणि चित्रसंग्रहालय. शाळेत चित्रकलेच्या तासाला मी दोन डोंगर, मधून उगवणारा सूर्य, आणि उडणाऱ्या पक्ष्यांऐवजी मराठी चार काढायचो. हेच चित्र मी पाचवी ते दहावी काढलं. गुरुजींनी एकदा विचारलं, "अरे, तुझा सूर्य कधी मावळतो का?" तिथंच माझी कला थांबली.

पण झालं असं की नाना गेल्यावर दोन-तीन वर्षांनी नंदूचा फोन आला. नंदू माझा धाकटा भाऊ. तो अमेरिकेतल्या एका विद्यापीठात संशोधन करायचा. कशावर, ते त्यानं मला पुष्कळदा सांगितलं आहे. त्याला मुलगा झाला होता, पण फार लवकर, दिवस भरायच्या कितीतरी आधी. पोर विद्यापीठाच्याच दवाखान्यात काचेच्या पेटीत ठेवलेलं, बायको आजारी, घरात दुसरं कुणी नाही. नंदू फोनवर रडला नाही, पण त्याच्या बोलण्यातली सगळी वाक्यं अर्धी होती. "दादा, आईला घेऊन ये."

आई पुण्याच्या पुढं कधी गेली नव्हती. ती एकटी विमानात बसणार नव्हती, तिकडं एकटी राहणार नव्हती आणि एकटी परत येणार नव्हती. म्हणजे मी जायचं. आणि बाग नुकती फुलोऱ्यावर येत होती.

"फुलोऱ्यात बाग टाकून कसं जाऊ?" मी सुमनला म्हणालो.

"बाग काय काचंत ठेवलीय का?" ती म्हणाली. "जावा."

मी एका अटीवर गेलो. धुकं पडलं की सुमननं सांगायचं, आणि मी मिळेल त्या विमानानं परत यायचं. मी आलो की आई येणार, आई आली की नंदूच्या घरात पुन्हा कुणी नाही. हे सगळं मला कळत होतं. पण खालची पट्टी नानांनी लावलेली होती, ओढ्याकाठची, सखल. धुकं सगळ्यात आधी तिथं बसायचं आणि सगळ्यात शेवटी उठायचं. विमानात आई खिडकीशी बसली होती. खाली ढगांचा पांढरा गादीवाफा पसरलेला बघून तिनं पदर तोंडाला लावला आणि हळूच मला म्हणाली, "आप्पा, क्येवढं धुकं." मी डोळे मिटून घेतले.

दवाखान्यात बाळाजवळ एका वेळी दोघांनाच जाऊ देत. आई आणि नंदू आत जात. मला बाहेरच्या खुर्चीत बसवत नसे. बाहेर बर्फ. रस्त्यापलीकडं विद्यापीठाचं संग्रहालय, आत यायला कुणी अडवत नाही आणि आतून उबदार. माझ्यासारख्या माणसाला कलेकडं ओढायला एवढं पुरतं. पहिले काही दिवस मी तिथं फक्त हात शेकायला जात होतो. एका खोलीतून दुसऱ्या खोलीत, दुसरीतून परत पहिलीत. राजे, घोडे, फळं, उघड्या बायका. उघड्या बायकांसमोर मी घड्याळ बघायचो.

मग त्या शेवटच्या खोलीत गेलो. तिथली चित्रं फ्रान्समधल्या इम्प्रेशनिस्ट लोकांची होती. त्याला मराठीत दृक्प्रत्ययवादी म्हणतात हे मला खूप नंतर एका रविवारच्या पुरवणीत कळलं, आणि तेव्हा वाटलं, बरं झालं मी ती इंग्रजीतून पाहिली. त्या खोलीत राजे नव्हते. एक नदीचं वळण होतं. तेच वळण शेजारच्या चित्रात पुन्हा होतं, आणि त्याच्या शेजारी पुन्हा. आधी वाटलं, यांच्याकडं चित्रं कमी पडली असतील. मग दिसलं की पहिलं सकाळचं आहे, दुसरं दुपारचं, तिसरं दिवे लागायच्या वेळचं. पाणी तेच, झाडं तीच, पण पहिल्यात झाड पाण्यात विरघळत होतं, दुसऱ्यात पाणी चमकून झाड काळवंडलं होतं, आणि तिसऱ्यात दोन्ही जांभळी होऊन कोण कोणतं ते कळेनासं झालं होतं. रंग असे फटकारे मारून लावलेले की जवळ गेलं की नुसते गोळे आणि दोन पावलं मागं सरलं की नदी.

मी पुढं-मागं, पुढं-मागं करत राहिलो. बेल्ह्याच्या बाजारात बैल घेणारा जसा त्याच्याभोवती फिरतो तसा. मला तो माणूस ओळखीचा वाटायला लागला. एकाच जागेकडं इतक्या वेळा कोण बघतं? ज्याला त्या जागेची काळजी आहे तो. मीही हेच करतो. सकाळी बागेत, चहानंतर बागेत, ऊन चढल्यावर बागेत. फरक इतकाच की त्याच्या प्रत्येक फेरीचं चित्र झालं आणि माझ्या फेऱ्यांवर नाना हसले.

आणि कोपऱ्यात, दाराच्या आड येईल अशा ठिकाणी, एक लहानसं चित्र होतं. टेकडीचा उतार, धुकं, आणि धुक्यातून दिसत-न दिसत ओळी. खालच्या पाटीवर लिहिलं होतं की ही द्राक्षबाग आहे. मध्ये एक बाई. बाई म्हणजे तीन फटकारे: एक तपकिरी, एक निळा, वर थोडा पांढरा. आख्ख्या खोलीत लोक शांतपणे उभे होते, कुणी मान तिरकी करून, कुणी वहीत काही काढत, आणि माझ्यासमोर धुक्यात बाग उभी होती आणि तिच्यात एक बाई एकटी. पानांवर पिवळट ठिपके होते. तेलकट. मी मांडवाखाली वाढलेला माणूस. पानं मला वरून बघायची सवय नाही, आम्ही ती खालून बघतो. त्यामुळं काय करतोय हे कळायच्या आत मी गुडघ्यावर बसलो आणि मान वर करून त्या पानांची खालची बाजू दिसते का ते बघायला लागलो.

"सर," मागून आवाज आला.

खोलीच्या दाराशी खुर्चीवर एक थोराड, चष्म्याची पहारेकरीण बसायची. ती आता माझ्या डोक्यावर उभी होती. मी उठलो, गुडघे झटकले. माझं इंग्रजी म्हणजे नारायणगावच्या स्टँडवर बस लावतात तसं. आधी नाक घालायचं, मग जागा बघायची. मी चित्राकडं बोट करून म्हणालो, "ग्रेप्स. डिसीज."

तिनं चित्राकडं पाहिलं, माझ्याकडं पाहिलं. "तुम्ही चित्रकार आहात?"

"नो. ग्रेप्स," मी छातीवर हात ठेवून म्हणालो.

ती हसली नाही, याबद्दल मी तिचा अजून ऋणी आहे. मग मी तिला दाखवलं की वेलींवर निळसर झाक आहे. मोरचूद आणि चुना कालवून जे औषध करतात, ते मारलं की आमचीही बाग अशीच निळी दिसते. त्या औषधाला आम्ही बोर्डो म्हणतो, आणि बोर्डो हे तिकडच्याच, फ्रान्समधल्या गावाचं नाव, हे मला औषधाच्या दुकानदारानं सांगितलेलं. तेव्हा यांनी बोर्डो मारलाय, बाई राखण करतेय, काळजीचं कारण नाही, असं मी तिला शक्य तितकं हातवारे करून सांगितलं.

तिनं मान हलवली. "नाही सर. तो उजेड आहे." आणि मग, रोज शाळेच्या मुलांना ऐकवून पाठ झालेल्या सुरात, तिनं मला सांगितलं की या लोकांच्या आधी सावली काळी किंवा तपकिरी काढायचे. यांनी बाहेर जाऊन, उन्हात उभं राहून पाहिलं तर सावली निळी निघाली. जांभळी निघाली. म्हणून हे निळं. औषध नाही.

मी दवाखान्याच्या दारात परत येईपर्यंत रस्त्यावरच्या सगळ्या सावल्या बघत आलो. बर्फावर झाडांच्या सावल्या पडल्या होत्या. निळ्या होत्या. इतकी वर्षं मी सावलीत बसून भाकरी खाल्ली आणि तिचा रंग पाहिला नव्हता. त्या दिवशी मला आपण एकदम शिकलेले झाल्यासारखं वाटलं. हा शिकलेपणा पुढं मला महागात पडला.

त्यांच्याकडं संध्याकाळ झाली की आपल्याकडं उजाडतं. रोज संध्याकाळी नंदूच्या स्वयंपाकघरात उभा राहून मी घरी फोन लावायचो. आमचा फोन तेव्हा ओसरीच्या खिडकीत असायचा, आणि खिडकीतून बाग दिसते.

"धुकं?" मी विचारायचो. कशी आहेस, पोरं कशी आहेत, काही नाही. धुकं.

"न्हाई वो," सुमन म्हणायची. "लख्ख ऊन हाय. बाळ कसं हाय?"

"आहे. नळी काढली नाही अजून. गड दिसतो का?"

"दिसतो की. कड्याला हळद लावल्यावाणी पिवळं पडलंय. कुत्रं आंगणात उताणं लोळतंय. पलीकडच्या वस्तीवर गोधड्या वाळत घातल्यात, एक तांबडी, एक हिरवी, लांबनं लई ग्वाड दिसत्यात."

मला नवल वाटायचं. ही बाई एरवी फोनवर हं आणि बरं याच्या पलीकडं जात नाही. आता रोज नवं ऊन. शेवंतीवर बसलेलं, पत्र्यावरून उडी मारणारं, कालव्याच्या पाण्यात तुकडे तुकडे झालेलं. मी फोन ठेवायचो आणि थोडा वेळ तरी माझे पाय थांबायचे. दुसऱ्या दिवशी संग्रहालयात गेलो की तिचं ऊन बरोबर घेऊन जायचो आणि नदीच्या दुपारच्या चित्रासमोर उभं राहून जुळवून बघायचो. पण परत निघताना पाय त्या कोपऱ्यातल्या चित्राकडंच वळायचे. तीन फटकाऱ्यांची ती बाई तिथंच असायची. तिला धुक्यात उभं करून चित्रकार घरी गेला, जेवला असेल, झोपला असेल. तिचं पुढं काय झालं? बाग राहिली का? मी एकदा पहारेकरणीला तसं विचारलं. तिनं खरोखर विचार केला. मग म्हणाली, "हे मला आजवर कुणी विचारलं नाही, सर."

एका संध्याकाळी सुमन बोलता बोलता म्हणून गेली, "मांडव तर नुसता निळा निळा दिसतोय." आणि एकदम थांबली.

एखाद्या साध्या द्राक्षवाल्याला तिथंच कळलं असतं. पण मी आता शिकलेला होतो. "अगं, सावली निळीच असते," मी म्हणालो. "कडक ऊन पडलं की निळी दिसते. आपण नीट बघत नाही, एवढंच. इकडं मोठमोठ्या लोकांनी काढून ठेवलंय." आणि मी तिला उजेडाबद्दल, रंगांबद्दल पुष्कळ सांगितलं. नंदूनं सकाळी भरून दिलेलं फोनचं कार्ड त्या व्याख्यानात संपत आलं.

"असंल," ती शेवटी म्हणाली. "तुमी बगताय ना नीट, मग झालं. बाळाला जपा."

बाळाची नळी निघाली त्या दिवशी आई पहिल्यांदा माझ्याबरोबर संग्रहालयात आली. नऊवारीवर नंदूचा कोट, पायात त्याचे बूट, डोक्याला कानटोपी. पहारेकरीण उठून उभी राहिली. तिला वाटलं असावं, हेही काहीतरी प्रदर्शनातलं आहे. मी आईला नदी दाखवली. "ह्येच तीनदा का?" म्हणाली. मग कोपऱ्यातल्या चित्रासमोर थांबली. जवळ गेली, मागं आली, पुन्हा जवळ गेली.

"आपल्या घरावाणी हाय बग," ती म्हणाली. "लांबनं बरं दिसतं."

"आणि ही बाई?"

आई बराच वेळ बघत राहिली. "हिच्या हातात काय हाय?"

हातात काय ते कळण्यासारखं नव्हतंच. मी म्हणालो टोपली. पहारेकरीण म्हणाली, कदाचित काठी. आई म्हणाली, "रिकामं न्हाई बगा हात. रिकाम्या हाताची बाई अशी उभी ऱ्हात न्हाई." मग माझ्याकडं वळून, "सुमी काय म्हनली काल?"

"ऊन आहे म्हणाली."

"हं," आई म्हणाली, आणि कानटोपी नीट करून दाराकडं चालू लागली. तिला तेव्हाच अंदाज आला होता का, हे मी तिला कधी विचारलं नाही.

बाळ घरी आलं, बाळंतीण उठून फिरायला लागली, आणि संक्रांत मागं टाकून आम्ही परतलो. पुण्याहून नारायणगाव, तिथून गाव. उतरलो तेव्हा ऊन होतं, अगदी सुमननं सांगितलं होतं तसं. गड हळदीचा, कुत्रं उताणं. मी पिशव्या ओसरीवर टाकल्या. सुमन तांब्या घेऊन आली. "आदी पाणी तरी घ्या," म्हणाली. तांब्या धरलेल्या तिच्या हातांकडं माझं लक्ष गेलं. बोटं निळी होती. नखांच्या कडा, तळव्यांच्या रेघा, निळ्या. दाराची कडी निळी. खिडकीतल्या फोनवर, जिथं हातात धरतात तिथं, चार बोटं निळी उमटलेली.

मी बागेकडं गेलो. मांडव निळा होता. सावलीनं नव्हे, बोर्डोनं. मारून मारून पानांवर थर चढलेला. वरची बाग राहिली होती, घड चांगले फुगले होते. खालच्या पट्टीत घडांच्या जागी काळ्या काड्या लोंबत होत्या.

सुमन माझ्या मागं येऊन उभी राहिली. "खालची गेली," ती म्हणाली. "वरची राखली. तारा हलवून हलवून खांदं गेलं. माझा भाऊ आला व्हता घोडेगावहून, त्यो पंप मारायचा, मी तारा हलवायची."

"तू तर रोज ऊन म्हणत होतीस."

"व्हतंच की. दुपारचं."

"सुमन."

"मग काय सांगू? तुमी तिथं बसून धुकं पुसणार व्हता का?" तिचा आवाज चढला नाही. "यिऊन एक फवारा जादा मारला असता आन् दहा वेळा वरडला असता माझ्यावर. आन् तिकडं त्या पोराजवळ कोण व्हतं?"

मी खाली बसलो. नानांच्या हातचे बुंधे समोर होते. मी आलो असतो तर ते घड राहिले असते का? ओढ्याकाठचं धुकं माझ्या ओळखीचं आहे. बहुतेक नसतेच राहिले. पण बहुतेक या शब्दावर माणूस किती वर्षं काढू शकतो हे मला तेव्हा माहीत नव्हतं.

"ती तांबडी-हिरवी गोधडी?" मी विचारलं.

ती जराशी हसली. "खिडकीत उभी ऱ्हायचे. भाईर पांढऱ्याबिगर काय दिसत नव्हतं. मग मनानंच घातली वाळत."

त्या उन्हाळ्यात आम्ही खालची पट्टी काढली. आता तिथं झेंडू असतो. नंदूचं पोर आता शाळेत जातं आणि फोनवर मला इंग्रजीतून द्राक्षं मागतं. मी त्या संग्रहालयाची आठवण निघाली की नातेवाइकांना नदीचं चित्र सांगतो, सावली निळी असते ते सांगतो, लोक मान डोलावतात. कोपऱ्यातलं चित्र सांगत नाही. मला कळून चुकलंय की मी जगातली थोर चित्रं पाहायला गेलो आणि त्याच दिवसांत रोज उजाडताना माझ्या घरच्या खिडकीत एक बाई, समोर काही दिसत नसताना, एका माणसाला जागेवर ठेवण्यासाठी ऊन काढत होती. ते मात्र मी नुसतं ऐकलं. ऐकून वर तिलाच रंग शिकवले.

तर, आज सकाळी. येरझाऱ्या घालून घालून शेवटी मला माझीच लाज वाटली. पिंपात मोरचूद भिजवला, चुना कालवला, शेजारच्या वस्तीवरून एक गडी बोलावला. तो पंप मारत होता आणि मी ओळीच्या टोकाला उभा राहून तार हलवत होतो. दव डोक्यावर. झणझण पुढं गेली. पलीकडून कुणी परत पाठवली नाही. वरच्या बागेच्या निम्म्या ओळी झाल्या तेव्हा खिशातला मोबाइल वाजला. सुमनच्या माहेरी घरात रेंज येत नाही, बोलायचं म्हणजे गावामागच्या टेकाडावर चढावं लागतं. ती चढली होती. धापा टाकत होती.

"धुकं?" तिनं विचारलं. तिची आई कशी आहे वगैरे मी विचारायच्या आत.

"नाही गं," मी म्हणालो. "लख्ख ऊन."

"आसं?"

"हो. गड स्वच्छ दिसतोय. कड्याला पिवळं. कुत्रं लोळतंय." मग पुढं काय ते सुचेना. डोक्यावरून थंड पाणी मानेत उतरत होतं. "आणि पलीकडच्या वस्तीवर, हे, गोधड्या वाळत घातल्यात."

"कुठल्या रंगाच्या?"

"तांबडी. एक हिरवी."

टेकाडावरचा वारा फोनमधून येत होता. मग म्हणाली, "मी हितं वर उभी हाये. तुमच्या बाजूला समदं पांढरं दिसतंय. गडाचं नुसतं टोक वर हाय, पाण्यातनं म्हशीनं नाक काढल्यावाणी." आणि थोडं थांबून, हलक्या आवाजात, वेलींनी ऐकू नये तसं, "हितनं लई झ्याक दिसतंय वो."

इतक्या वर्षांनी मी तिला तसं बोलताना ऐकलं.

"आई भिताला धरून उभी ऱ्हायली काल," ती म्हणाली. "पण मी हालले की बसती लगीच. काय करू? यिऊ का?"

"ऊन आहे म्हटलं ना."

"हाय ना ऊन? मग सावली पडली आसंल." तिनं विचारलं, "कुठल्या रंगाची हाय?"

मी तारेवरच्या माझ्या मोरचूद लागलेल्या हाताकडं पाहिलं.

"निळी," मी म्हणालो.

"मग ऱ्हाते मी आईजवळ," ती म्हणाली, आणि फोन ठेवला.